दुखतं किती जणांचं, अडतं किती जणांचं

म्हातारपणी कायमचं दुखणं किती जणांच्या मागे लागतं, हे शोधायला बसलं की आकडे एकमेकांशी भांडू लागतात. भारतातल्या आठ शहरांत ५,००४ जणांना विचारून केलेली एक पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दीर्घकालीन वेदनेचं प्रमाण १३ टक्के निघालं. २०१८ साली आलेल्या दुसऱ्या भारतीय पाहणीत ते १९.३ टक्के होतं. हे दोन्ही आकडे सर्व वयांच्या प्रौढांचे. ब्रिटनमधल्या अनेक अभ्यासांची २०१६ साली एकत्र मांडणी झाली, तेव्हा प्रौढांत ४३.५ टक्के आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांत ६२ टक्के असं चित्र दिसलं. अमेरिकेच्या २०२३ सालच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत पासष्टीपुढच्या ३६ टक्के लोकांना दीर्घकालीन वेदना होती. आपल्याकडे वार्धक्याचा सर्वांत मोठा अभ्यास म्हणजे ‘लासी’. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांबरोबर केलेल्या या अभ्यासाच्या २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत पंचेचाळिशीपुढचे ७२ हजारांहून जास्त लोक होते, त्यांतले ३१ हजारांवर साठी उलटलेले. त्यांपैकी सुमारे ३७ टक्क्यांनी आपल्याला दुखण्याचा वारंवार त्रास होतो असं सांगितलं. एवढी तफावत पाहून वाचणाऱ्याला वाटावं, की कुणाला तरी मोजता येत नाही. मला तसं वाटत नाही. दुखतं किती जणांचं आणि दुखण्यामुळे अडतं किती जणांचं, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत आणि बहुतेक भांडण ते एकत्र कालवल्यामुळे होतं. पहिल्याचं उत्तर मोठं येतं, पण विचारणाऱ्याच्या शब्दांबरोबर हलतं. दुसऱ्याचं लहान येतं आणि बऱ्यापैकी स्थिर राहतं. मुंबईतल्या विलेपार्ल्यासारख्या, पिकल्या केसांची संख्या वाढत चाललेल्या उपनगरानं आधी दुसरं उत्तर मिळवायला हवं.

आधी शब्दांचा हिशेब. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ साली मंजूर झाली आणि २०२२ पासून लागू झाली. तिच्यात तीन महिन्यांहून अधिक टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारी वेदना म्हणजे दीर्घकालीन वेदना, असं ठरलं आणि तिला स्वतःचं स्थान मिळालं. त्याआधी वेदना बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी रोगाचं लक्षण म्हणूनच नोंदली जायची. पण ही व्याख्या सगळे वापरत नाहीत. युरोपातले १५ देश आणि इस्राएल यांच्यात झालेली, २००६ साली प्रसिद्ध झालेली मोठी पाहणी सहा महिन्यांची अट घालते. शिवाय दहापैकी किमान पाच इतकी तीव्रता आणि गेल्या आठवड्यात अनेकदा दुखलेलं असणं मागते. एवढ्या चाळण्यांतून गेल्यावर तिचा आकडा १९ टक्क्यांवर येतो. ब्रिटिश मांडणी तीन महिन्यांच्या कुठल्याही दुखण्याला आत घेते, म्हणून ४३.५. लासी कालावधी विचारतच नाही, वारंवार त्रास होतो का एवढंच विचारते. मग ज्याचा गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो तो आणि जिला रात्री कूस बदलता येत नाही ती, दोघंही एकाच रकान्यात बसतात. तो रकाना खोटा नाही, पण त्यावरून कुणाला काय लागेल ते कळत नाही.

प्रश्न जरा कडक करून पाहा. त्याच ब्रिटिश मांडणीत माणसाला मध्यम ते तीव्र प्रमाणात पांगळं करणारी वेदना किती, असं पाहिलं तेव्हा आकडा १०.४ ते १४.३ टक्क्यांच्या पट्ट्यात आला. अमेरिकी पाहणीत रोजचं काम, घरचं किंवा बाहेरचं, बहुतेक दिवशी अडवणारी वेदना पासष्टीपुढच्या १३.५ टक्क्यांना होती. निराळे देश, निराळ्या आरोग्यव्यवस्था, एक मोजणी सगळ्या प्रौढांची तर दुसरी फक्त वृद्धांची, त्यामुळे तुलना काटेकोर नव्हे. तरीही ‘अडतं का?’ असं विचारल्याबरोबर ४३ आणि ३६ मधलं अंतर जवळजवळ मिटतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. ढोबळ मानानं म्हणता येईल की साठीपुढच्या तिघांत एकाला सतत दुखतं आणि सात-आठांत एकाचं त्यामुळे आयुष्य आक्रसतं. पहिला आकडा आपली वृत्ती बदलायला उपयोगी, दुसरा पैसे आणि माणसं कुठे लावायची ते ठरवायला.

या विषयात महाराष्ट्राचं स्वतःचं काम आहे आणि ते जगभर वाचलं गेलं आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला फारशी ठाऊक नसते. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ साली ‘कॉपकॉर्ड’ नावाची मोजणीची पद्धत सुरू केली. यंत्रं आणि प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी सांध्या-स्नायूंचं दुखणं मोजायचं, हा तिचा हेतू. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला ती राबवली. गावातल्याच प्रशिक्षित स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन विचारायचं, दुखतं म्हणणाऱ्यांची सविस्तर माहिती घ्यायची आणि मग डॉक्टरांनी तपासायचं, असे तीन टप्पे. भिगवणला हे टप्पे एकापाठोपाठ न रेंगाळता बरोबरच चालवले गेले, म्हणजे दुखतं म्हणणारा माणूस तपासणीपर्यंत हातातून निसटला नाही. ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्क्यांना सांधे-स्नायूंचं दुखणं होतं. सांध्यांची झीज ५.८ टक्क्यांना. ज्या आमवाताची सगळ्यांना धास्ती असते, तो रुमॅटॉइड आर्थ्रायटिस अवघ्या अर्ध्या टक्क्याला. स्नायू, स्नायुबंध अशा मऊ भागांचं दुखणं साडेपाच टक्क्यांना. म्हणजे गावाला छळणारं बरंचसं दुखणं भारदस्त नावाचं नव्हतंच. ते कामाचं, वाकण्याचं, उचलण्याचं होतं. पुढे पुणे शहरात याच नमुन्यावर पाहणी झाली तेव्हा शहरातलं प्रमाण गावापेक्षा कमी निघालं. शहरातली हवा सांध्यांना मानवते असा काही याचा अर्थ नाही. डोक्यावरचा हंडा, खुरपणी, उकिडवं बसून होणारी सगळी कामं शहरात कमी, हा त्याचा जास्त पटणारा अर्थ.

हे पार्ल्याला आणून लावायचं तर एक अडचण लगेच दिसते. शहरात दुखणं कमी, म्हणून अडणंही कमी, असा सरळ हिशेब इथे चालत नाही. पार्ले पूर्वेचा जुना भाग म्हणजे शिकलेल्या मध्यमवर्गाची वस्ती. १९२१ चं पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ चा लोकमान्य सेवा संघ यांच्या भोवतीनं वाढलेल्या या वस्तीत मुलं परदेशी किंवा ठाण्या-पुण्याकडे आणि आईवडील मूळ घरात, हे चित्र नेहमीचं. राज्यात साठीपुढच्यांचं प्रमाण २०११ च्या जनगणनेत ९.९ टक्के होतं; असल्या गल्ल्यांत ते डोळ्यांना जास्त जाणवतं. आणि हे मूळ घर पुष्कळदा तळमजला अधिक तीन मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या सोसायटीत असतं. भिगवणच्या म्हातारीचा गुडघा दुखला तरी ओटा आणि अंगण एका पातळीवर असतं. पार्ल्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना तोच गुडघा, तेवढाच ठणका, भाजीबाजारापासून, सेवा संघाच्या टिळक मंदिरातल्या व्याख्यानापासून आणि बँकेपासून तोडून टाकतो. खाली उतरलं तरी रेल्वेचा पूल आहे, बसची उंच पायरी आहे. पुनर्विकास झाला तर लिफ्ट येते; पण विमानतळाच्या उड्डाणमार्गाखालच्या पट्ट्यात इमारतीच्या उंचीवर मर्यादा असल्यामुळे बिल्डरला परवडत नाही आणि अनेक सोसायट्यांची कामं अडून राहतात. म्हणून मी म्हणतो, की वेदनेची मोजणी नुसती शरीराची मोजणी नसते. सारखं दुखणं असलेल्या दोघांपैकी कुणाचं अडेल हे जिना, संडास कमोडचा की भारतीय पद्धतीचा, आणि घरात दुसरं माणूस आहे की नाही यांवर ठरतं. वेदनेचा प्रश्न विचारणाऱ्या कुठल्याही नमुन्यात मजला आणि लिफ्ट हे दोन रकाने असायला हवेत. दहापैकी किती दुखतं या रकान्याइतकेच ते बोलके आहेत.

आता सगळ्यात जुना आक्षेप. वय झालं की दुखणारच, तिघांत एकाला दुखतं म्हणजे ते वयाचंच लक्षण, त्याचा अभ्यास तो काय करायचा? घरातली माणसं हे म्हणतात, डॉक्टरही म्हणतात आणि सगळ्यात जास्त ज्येष्ठ स्वतःच म्हणतात. पण वय हेच कारण असतं तर म्हातारपणातही दुखण्याचं प्रमाण वयाबरोबर एकसारखं चढत गेलं असतं. अमेरिकेत २०११ साली पासष्टीपुढच्या ७,६०१ लोकांच्या पाहणीत ५२.९ टक्क्यांनी गेल्या महिन्यात त्रासदायक वेदना झाल्याचं सांगितलं. त्यांतल्या तीन चतुर्थांश लोकांना एकाहून जास्त ठिकाणी दुखत होतं. पण स्मृतिभ्रंश, दुसऱ्याने दिलेली उत्तरं आणि वृद्धनिवासातला मुक्काम यांचा परिणाम वजा केल्यावर पासष्टीचे आणि नव्वदीचे यांच्यात फारसा फरक उरला नाही. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं वाढली तरी प्रमाण जवळपास तिथेच. क्ष-किरणांची आणि एमआरआयची साक्षही वयाच्या बाजूने पडत नाही. ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा निघाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. झीज जवळपास सगळ्यांची होते, दुखतं मात्र काही जणांचंच. रिपोर्टवर ‘वयोमानानुसार बदल’ असं वाचून जो माणूस निमूट घरी जातो, त्याच्या हाती कारण पडलेलंच नसतं.

मग कारण काय? एक उत्तर नाही, पण दिशा दिसतात. लासीत आणि जवळपास जगभर स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा स्पष्टपणे जास्त येतं. वय दोघांचं सारखंच असताना हा फरक येतो, तो हाडांची ठिसूळता, बाळंतपणं, जमिनीवर बसून केलेली कामं आणि उशिरा मिळणारे उपचार यांतून. मधुमेह हे दुसरं कारण. देशव्यापी इंडिअॅब अभ्यासाने २०२३ साली प्रौढांत ११.४ टक्के मधुमेह दाखवला. पायांची जळजळ आणि मुंग्या घेऊन येणारे कितीतरी ज्येष्ठ त्याच वाटेवरचे असतात. नागिणीनंतर मागे राहणारी मज्जातंतूंची आग हे आणखी एक. उदासपणा आणि वेदना एकमेकांना वाढवतात, हे तर आता वादाचं राहिलेलं नाही. यांतली बरीच कारणं हाताळता येतात. वयावर इलाज नाही, मधुमेहावर आहे. त्यामुळे दुखणं वयाच्या नावावर टाकलं की हाताळता येण्याजोग्या गोष्टीही आपण सोडून देतो. शिवाय दुखणं तिथेच थांबत नाही. बॉस्टनमध्ये सत्तरीपुढच्या ७४९ लोकांचा पाठपुरावा करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाहून जास्त सांधे दुखणाऱ्यांचं पडण्याचं प्रमाण न दुखणाऱ्यांच्या दीडपट होतं. म्हातारपणी पडणं म्हणजे खुब्याचं हाड, आणि तिथून पुढची कथा पार्ल्यातल्या बहुतेक घरांना सांगायला नको.

दुसरा आक्षेप शास्त्रीय थाटाचा आहे. वेदना मोजायला रक्ताची तपासणी नाही; माणूस सांगतो ते खरं मानायचं, तर मग रडव्या माणसाची आकडेवारी आणि सोशिक माणसाची आकडेवारी एकत्र कशी धरायची? आक्षेप रास्त आहे, पण त्याची दिशा उलटी आहे. ज्येष्ठांच्या बाबतीत मोठी चूक वाढवून सांगण्याची होत नाही, कमी सांगण्याची होते. सुनेला कटकट नको, मुलगा फोनवर काळजी करतो, डॉक्टर पुन्हा तेच औषध लिहितात, म्हणून दुखणं अंगवळणी पडलं असं सांगून मोकळं व्हायची सवय लागते. लासीसारख्या पाहणीत प्रश्न घरीच विचारले जातात, तेव्हा कान देऊन ऐकणारी माणसंही आसपास असतात. स्मृतिभ्रंश झालेल्यांचं तर आणखी कठीण. त्यांची वेदना चेहरा, श्वास, अंगाची हालचाल यांवरून ओळखण्यासाठी २००३ पासून साधी कोष्टकं उपलब्ध आहेत, पण घरोघरच्या मोजणीत ती सहसा वापरली जात नाहीत. मोजायला कुठे बसता यानेही आकडा बदलतो. टिळक मंदिरात व्याख्यानाला आलेल्या ज्येष्ठांना विचारलं तर प्रमाण हमखास कमी निघेल, कारण ज्यांचं अडलंय ते तिथवर पोचलेलेच नाहीत. कूपर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत विचारलं तर ते फुगून येईल. ‘अडतं का?’ हा प्रश्न इथेही उपयोगी पडतो. किती दुखतं हे माणूस लपवू शकतो. गेल्या महिन्यात किती वेळा खाली उतरलात, हे लपवणं जरा कठीण.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. मोजाल, प्रमाण मोठं दाखवाल, तर त्याचा पहिला फायदा औषधवाल्यांना होईल. आधीच घराघरात बाम, पट्टे आणि वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं आहेत. आता प्रत्येक आजोबा ‘वेदनारुग्ण’ होतील. ही भीती पोकळ नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी औषधं महिनोन्‌महिने घेतली तर जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात, रक्तदाब चढतो. आणि ज्या वयात ती जास्त घेतली जातात त्याच वयात मूत्रपिंडाची राखीव ताकद कमी असते. केमिस्टकडे नुसतं नाव सांगून ती मिळून जातात हे सर्वांना माहीत आहे. पण हा सगळा प्रकार मोजणी न करताच चाललेला आहे. दुखण्याकडे कुणी लक्ष देत नाही म्हणूनच माणूस दुकानातून पाकीट आणतो. नीट मोजणी झाली तर निदान एवढं कळेल की कुणाला गोळी लागते आणि कुणाला व्यायाम. गुडघ्याच्या झिजेत मांडीचे स्नायू बळकट करणारा नियमित व्यायाम दुखणं कमी करतो आणि हालचाल सुधारतो, याला अनेक चाचण्यांचा भक्कम आधार आहे. कंबरदुखीच्या ताज्या झटक्यावर पॅरासिटामॉल देऊन पाहिलेल्या २०१४ च्या मोठ्या ऑस्ट्रेलियन चाचणीत मात्र ते औषध नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

इथे पैशाची गोष्ट काढावी लागते, कारण आपली व्यवस्था नेमकी उलट्या टोकाला पैसे देते. मेडिक्लेम रुग्णालयात दाखल झाल्यावर पावतो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं, तेही मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांचं. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तीही शस्त्रक्रियेपुरती. म्हणजे गुडघा पुरता जाईपर्यंत थांबलात तर बदलून मिळेल. जाऊ नये म्हणून वर्षभर आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्टकडे जायचं तर खिशातून भरा. शस्त्रक्रिया वाईट नाही. योग्य माणसाला ती फार मोठा दिलासा देते. पण गुडघा बदलल्यानंतरही साधारण पाचांतल्या एकाला पुढे लक्षणीय वेदना राहते, असं परदेशी पाठपुराव्यांची बेरीज सांगते, आणि शस्त्रक्रियेआधी हा आकडा क्वचितच कुणी समजावून सांगतं. ज्या सात-आठांतल्या एकाचं खरोखर अडलं आहे, त्याच्यासाठी घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, संडासात धरायला दांडा आणि जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा या गोष्टी कुठल्याही विम्याच्या कागदात नाहीत. यांतली शेवटची तर सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून होण्याजोगी आहे.

मग एखाद्या उपनगराने हे मोजायचं कसं? राष्ट्रीय पाहण्या देशाबद्दल आणि राज्याबद्दल बोलतात. पार्ल्याच्या गल्लीपर्यंत त्या उतरत नाहीत आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षाही नसावी. भिगवणने दाखवलेला रस्ता इथे सरळ लागू पडतो: त्याच वस्तीतली शिकवलेली माणसं, घरोघर, थोडे प्रश्न, आणि दुखतं म्हणणाऱ्याला लगेच तपासणारा डॉक्टर. प्रश्न चारच पुरेत. तीन महिन्यांहून जास्त दुखतंय का, कुठे कुठे, त्यामुळे काय करायचं सोडलंत, आणि घर कितव्या मजल्यावर आहे. महापालिकेला घरोघर जाणं नवं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत राज्यभर प्रत्येक दारात जाऊन ताप आणि प्राणवायूची पातळी नोंदली गेली. आधीपासूनचे आजार विचारले गेले. पार्ल्याच्या के-पूर्व आणि के-पश्चिम विभागांतल्या आरोग्य सेविका पोलिओसाठी आजही जिने चढतात. नोव्हेंबर २०२२ पासून उघडलेले ‘आपला दवाखाना’ तपासणीच्या टप्प्याला वापरता येतील. अडचण एकच मोठी आहे, आणि ती मोजणीनंतरची: चार प्रश्न विचारून ज्यांचं अडलंय ते सापडले, की त्यांच्याकडे पाठवायला पुरेसे फिजिओथेरपिस्ट महापालिकेच्या पटावर लागतील. ती पदं मंजूर करून घ्यायला टक्केवारी उपयोगी नाही. वॉर्डातली अशी घरं किती आणि कुठल्या इमारतींत, हा आकडा लागतो.